मिरची झोंबली, आता काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिना म्हणजे पुरुमेताचा. पावसाळ्याच्या बेगमीसाठी सोलं, खारं, चिंच आणि सुकी मिरची घराघरांत येऊन पडते. मग देठ काढा, उन्हात घाला, भाजा, वाटा. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे मिरचीच्या तक्रारींची पत्रंही जास्त येतात. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : शुक्रवारच्या बाजारातून दोन किलो मिरची आणली. बसून देठ काढले, बिया झाडल्या. तेव्हा काहीच झालं नाही. दोन तासांनी अंघोळीचं कढत पाणी हातावर घेतलं आणि दोन्ही हात पेटल्यासारखे झाले. लिंबू चोळलं, मीठ लावलं, थंड पाण्यात हात बुडवून बसले. पाण्यातून हात काढला की पुन्हा आग. रात्रभर झोप नाही. असं का होतं? (म्हापसा)

उत्तर : ताई, मिरचीतलं तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन, ते तेलकट असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात हात ठेवला तेवढा वेळ गारव्यामुळे बरं वाटलं, पण कॅप्सायसिन जागचं हललं नाही. तळहाताची कातडी जाड असल्याने ते आत मुरायलाही वेळ लागतो, म्हणून काम करताना काही कळलं नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तो ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतो. कॅप्सायसिन नेमकं त्यालाच चेतवतं, आणि एकदा तो चेतला की कोमट पाणीही उकळतं वाटतं. म्हणून तुमची आग अंघोळीच्या वेळी उठली. आंबटपणानेही तोच ग्राहक चिडतो, त्यामुळे लिंबाने भर पडली. हा ग्राहक 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीच्याच मदतीने शोधला आणि त्या कामासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पुढच्या वेळी हाताला तेलाचा डाग पडलाय असं समजून चाला. हात कोरडे असतानाच दोन मोठे चमचे खोबरेल घ्या आणि दोन मिनिटं चोळा. बोटांच्या बेचक्यात चोळा, नखांच्या कडेला तर नक्कीच. नखांखाली जुना मऊ टूथब्रश फिरवा. मग ते तेल जुन्या फडक्याने पुसून काढा आणि फडकं टाकून द्या. पुसण्याची पायरी बहुतेक जणी गाळतात. मग तेलात उतरलेलं तिखट परत हातावरच पसरतं. त्यानंतर भांडी घासायचं द्रव साबण पाणी न लावता कोरड्या हातावर मिनिटभर चोळा आणि थंड पाण्याने धुवा. हे सगळं तीनदा करा. तरीही आग राहिली तर वाडग्यात थंड दूध किंवा साधं खायचं तेल घेऊन वीस मिनिटं हात बुडवा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, एका वेळी दहा मिनिटं. कढत पाणी, लिंबू, मीठ यातलं काहीही नको. कातडीला खरा चटका बसलेला नसतो, त्यामुळे आग रात्रभर राहिली तरी दुसऱ्या दिवशी ओसरते. फोड आले, सूज चढली किंवा दोन दिवसांनीही आग कमी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

काम सुरू करण्याआधीच हाताला तेल लावा आणि वर हातमोजे घाला. पातळ असले तर दोन जोड घाला. देठ नखाने न खुडता कात्रीने कापा. आणखी एक: तिखट बियांत असतं हा समज चुकीचा आहे. ते असतं बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बी तिला घासून तिखट होतं. मिरची चिरून शीर उकरणारीच्या हाताला म्हणूनच सर्वात जास्त झोंबतं.

प्रश्न : मिरची चिरल्यावर चुकून डोळा चोळला. शेजारच्या काकी म्हणाल्या, डोळ्यात दूध घाल. घालावं का? (डिचोली)

उत्तर : नाही. दूध नको, तूप नको, मध नको, गुलाबपाणीही नको. हातासाठी वर जे सांगितलं ते डोळ्याला अजिबात लागू नाही. दूध निर्जंतुक नसतं आणि डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर तो मिरचीपेक्षा कितीतरी वाईट. डोळ्याला फक्त स्वच्छ पाणी, आणि भरपूर. आधी स्वतःचे हात साबणाने दोनदा धुवा, नाहीतर त्याच बोटांनी पापणी उघडाल आणि आणखी तिखट आत जाईल. मग मान कलती करा, झोंबलेला डोळा खालच्या बाजूला ठेवा आणि नाकाकडून कानाकडे पाण्याची संथ धार सोडा. पापण्यांची उघडझाप चालू ठेवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुतलेल्या हाताने आधी काढा आणि ती पुन्हा वापरू नका. तासाभरानंतरही दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : तोंड जळलं की आमच्या गटात रोज वाद. एक म्हणतो पाणी, एक सोलकढी, एक बिअर आणि एक सरळ फेणी. खरं काय? (पणजी)

उत्तर : चौघांनाही दूध किंवा दही हेच उत्तर. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून सोडवतं. साय काढलेलं दूधही म्हणून चालतं. दूध थंड असावं आणि ते गटागटा पिऊ नये. अर्धा कप घ्या, एकेक घोट वीस-तीस सेकंद तोंडात घोळवा, मग गिळा किंवा थुंका. तोंडात तिखट घास उरला असेल तर तो आधी बाहेर काढा. दूध नसेल तर जिभेवर चमचाभर साखर ठेवून विरघळू द्या, गोडाने आगीची जाणीव कमी होते. उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, लोणी लावलेला तुकडा सावकाश चघळला तर तोही जिभेवरचं तिखट पुसून घेतो. ओठांना खोबरेल किंवा लोणी लावा, मिनिटभराने पुसा. एवढं केलं की पंधरा-वीस मिनिटांत मोठी आग सहसा उतरते.

पाणी गार आहे तोवरच बरं वाटतं, आणि ते तिखट घशाकडे नेतं. बिअरही बहुतांशी पाणीच, शिवाय तिचे बुडबुडे जिभेला टोचतात. फेणीचं समर्थन करणाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, मद्यात कॅप्सायसिन विरघळतं. पण सुमारे 42 टक्के मद्यार्काची फेणी स्वतःच तो उष्णतेचा ग्राहक चेतवते. जळत्या तोंडात ती घेणं म्हणजे आगीत भर घालणं.

सोलकढीबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल. तिच्यातला नारळाचा जाड रस तेलकट असतो, त्याचा उपयोग नक्की होतो. पण सोलं आंबट असतात, आणि बऱ्याच घरांत सोलकढीत हिरवी मिरची व लसूण ठेचून घालतात. ऐन आगीत पहिला घोट म्हणूनच झोंबतो. जेवताना हुमणाबरोबर सोलकढी उत्तम. तोंड पेटल्यावर मात्र नुसता नारळाचा जाड रस, चिमूटभर साखर घालून, जास्त कामाचा. तिवळीने, म्हणजे नारळाशिवायच्या सोलांच्या कढीने, फारसं काही साधत नाही. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनीही नारळाचा रसच घ्यावा.

आणि तिखटावर गरम चहा घेऊ नका. कारण पहिल्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कळलं की कोंबड्याची शागोती तिखटजाळ झाली आहे. दोन बटाटे टाकले, फरक पडला नाही. मिरच्या नेहमीएवढ्याच घेतल्या होत्या. (फोंडा)

उत्तर : बटाटा पाणी आणि मीठ शोषतो, तिखट वेचून घेत नाही. त्याने फक्त रश्श्याचा पसारा वाढतो, आणि दोन बटाट्यांनी तो कितीसा वाढणार?

पातेलं आचेवरून उतरवा आणि दहा मिनिटं हलवू नका. वर लाल तवंग येईल. तिखट तेलात विरघळतं, म्हणजे तुमच्या शागोतीतलं बरंच तिखट त्या तवंगातच आहे. पसरट डावाने अलगद काढा. फेकू नका, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात उसळीला किंवा अंड्याला वापरा. मग अर्ध्या नारळाचा चव आणि एक मोठा कांदा बदामी रंगावर भाजून, मिरची न घालता, गंधासारखं वाटा. एक किलो कोंबडीला हे वाटण पुरतं. ते घालून एक उकळी काढा. शेवटी आच बंद करून अर्धी वाटी नारळाचा जाड रस घाला. जोरात उकळलात तर रस फुटेल आणि शागोती दाणेदार दिसेल. सुपारीएवढा गूळ आणि चवीपुरतं मीठ घाला. चिंच किंवा सोलं वाढवू नका, आंबटाने तिखट दबत नाही.

विंदालूला नारळ चालत नाही, तिथे तवंग काढणं हाच मुख्य उपाय. त्यानंतर दोन कांदे लाल परतून वाटून घाला, अर्धा चमचा साखर घाला, आणि जमलं तर पाव किलो मांस नुसत्या मिठात शिजवून रश्श्यासकट मिसळा. व्हिनेगर आणखी ओतू नका. दही तर अजिबात नको, उकळत्या आंबट रश्श्यात ते फाटतं.

‘नेहमीएवढ्याच’ घेतलेल्या मिरच्यांनी घात केला, कारण त्या नेहमीच्या नव्हत्या. काणकोणची खोला मिरची, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रंगाला गडद आणि तिखटाला मध्यम. काश्मिरी आणि ब्याडगी मुख्यतः रंगासाठी. त्यांच्यात लवंगीसारखी तिखट जात मिसळलेली असली तर मोजणीला काही अर्थ उरत नाही. नवी मिरची आली की एक मिरची पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी बोटाच्या टोकाने जिभेला लावून बघा आणि मग संख्या ठरवा.

प्रश्न : मिरच्या भाजताना घरभर ठसका उठतो. सासऱ्यांना दमा आहे. (वाळपई)

उत्तर : ते घरात असताना भाजूच नका. नाहीतर अंगणात चूल मांडा. तव्यावर आधी छोटा चमचाभर तेल, मंद आच, मिरच्या सतत हलत्या, आणि मिनिटभरात कुरकुरीत झाल्या की उतरवा. काळा डाग पडला की धूर सुटतो, ठसका त्याचाच. धूर झालाच तर गॅस बंद करून तव्यावर झाकण ठेवा, पाणी ओतू नका. मिक्सरचं झाकण वाटल्यावर दहा मिनिटं उघडू नका, बारीक भुकटी खाली बसू द्या. दम लागला तर त्यांना मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांनी दिलेला पंप द्या. पंपाने उतार पडला नाही तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

प्रश्न : तिखट जेवण झालं की छातीत जळजळ, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला बसवत नाही. विचारायला संकोच वाटतो. (मडगाव)

उत्तर : संकोच करू नका, ही तक्रार फार जणांची आहे. सगळं कॅप्सायसिन पोटात शोषलं जात नाही, आणि तोच ग्राहक आतड्याच्या शेवटच्या टोकालाही असतो. म्हणून जे तोंडाला झोंबलं ते तिथेही झोंबतं. शौचाला जाण्याआधी बाहेरून खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. नंतर कागदाने न घासता थंड पाण्याने धुवा आणि टिपून कोरडं करा. साबण लावू नका. आग फार असेल तर टबात गार पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. रक्त दिसलं, किंवा कापल्यासारखी कळ रोज येऊ लागली, तर मिरचीला दोष देत बसू नका. मूळव्याध किंवा चीर असू शकते, तपासून घ्या.

छातीतल्या जळजळीसाठी जेवल्यावर तीन तास आडवं होऊ नका आणि रात्रीचा घास लवकर घ्या. छातीत दाब येऊन तो हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर ते अ‍ॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. लगेच इस्पितळ गाठा.

प्रश्न : मित्रांनी जगातली सर्वात तिखट मिरची मागवली आहे. पैज लावायची म्हणतात. (कॉलेज विद्यार्थी, वास्को)

उत्तर : लावू नका. 2018 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली. अमेरिकेत स्पर्धेत एकच कॅरोलिना रीपर मिरची खाल्लेल्या तरुणाचं डोकं विजेसारखं कडाडून दुखू लागलं. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या दिसल्या. भूत झोलोकिया मिरचीच्या स्पर्धेनंतर जोरजोरात ओकारी येऊन एकाची अन्ननलिका फाटल्याचीही नोंद आहे. असं क्वचितच होतं, पण ते कोणाला होणार हे आधी सांगता येत नाही. दमा, हृदयविकार किंवा पोटात व्रण असलेला कोणी तुमच्यात असेल तर त्याला ही मिरची चाखायलाही देऊ नका. मित्रांनी ऐकलंच नाही आणि कोणाला नंतर असं डोकं दुखलं, छातीत कळ आली किंवा ओकारी थांबेना, तर झोपवून बरं वाटायची वाट पाहू नका. सरळ इस्पितळात न्या.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातीने ताटातली हिरवी मिरची चावली. अशा वेळी काय करावं? (काणकोण)

उत्तर : तोंडातला तुकडा बोटाने पुढच्या बाजूने काढा, बोट घशाकडे नेऊ नका. थंड दूध किंवा दही चमच्याने भरवा. दह्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने ओठ आणि हनुवटी पुसा. तिचे हात लगेच साबणाने धुवा, कारण रडताना मूल डोळे चोळतं आणि मग तिखट डोळ्यात जातं. पाणी पाजून हुंदक्यावर ठसका लावू नका. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, ओठ सुजले असतील किंवा ती पुन्हा पुन्हा ओकत असेल, तर घरचे उपाय थांबवून 108 ला फोन करा.