सावंतवाडी-जंजिऱ्याचे तह : धोरण की संधिसाधूपणा?

सावंतवाडी आणि जंजिरा ही कोकणातली छोटी राज्यं सारखी बाजू बदलत राहिली, ते धोरण होतं की संधिसाधूपणा, असं तुम्ही विचारलंय. शिवाय कागद मिळत नाहीत ही तक्रार. प्रबंधाच्या वेळी मीही याच गुंत्यात अडकले होते, म्हणून लिहिते.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असणारच. लढाया बाजूला ठेवा, तह वाचा. मदतीची किंमत तिथे जमिनीत मोजलेली दिसते. सावंतवाडीकरांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती, म्हणून 1788 मध्ये पेडणं पोर्तुगीजांना गेलं. 1812 मध्ये वेंगुर्लं बंदर इंग्रजांना. 1818 ला पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी वाडीकरांनी इंग्रजांचं वर्चस्व मान्य करून रेडी आणि निवती सोडली. तोवर एकाच्या धाकाने दुसऱ्याला थोपवता येत होतं. आता धाक दाखवायला कुणी उरलं नव्हतं. 1838 ला कारभारही इंग्रजांकडे गेला.

जंजिऱ्याचे सिद्दी निजामशाही, आदिलशाही, मोगल, मग इंग्रज असे धनी बदलत गेले, पण आरमार हातचं सोडलं नाही. सुरतेच्या जहाजांना संरक्षण हवं म्हणून मोगलांनाच त्यांची गरज होती. याला फितुरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 1756 मध्ये इंग्रजांना हाताशी धरून मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचंच आरमार बुडवणाऱ्या पेशव्यांना आपण तो शब्द लावतो का? (मी इतिहासाची प्राध्यापक नाही, मतभेद जरूर मांडा.)

आता कागद. एका सरकारी दफ्तरखान्याने माझं जवळजवळ वर्ष खाल्लं. मार्गदर्शकांचं पत्र नेलं तर शिक्का पुसट; शिक्का नीट करून नेला तर रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) बांधणीला गेलेले; ते परत आले तेव्हा संबंधित कर्मचारी रजेवर. रात्रभर एसटीने जाऊन दारातून परत फिरायचं. मला अजूनही संताप येतो तो याचा, की ज्या तहांसाठी मी खेटे घालत होते ते एचिसन या इंग्रज अधिकाऱ्याच्या तहसंग्रहात इंग्रजीत छापलेले आहेत, हे तिथल्या एकानेही सांगितलं नाही.

तेव्हा आधी एचिसन आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड (1880) बघा. त्यात इंग्रजांची बाजू जास्त येते, हे धरून चाला. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजांनी शेजारच्या राजांशी केलेला पत्रव्यवहार आहे, तो टाळू नका. आणि मोडी लिपी आजपासून शिकायला घ्या. वाचून देणारे भेटतात, पण नेमकी तहाची कलमंच घाईत सुटतात.