सॉफ्टवेअर नंतर ठरवा, आधी फाँट तपासा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. शिकवायचा विषय मराठी, त्यात शाळेच्या ग्रंथालयाचा प्रभार तुमच्याकडे आलेला. साडेचार हजार पुस्तकं, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला एक संगणक आणि दोन टॅब. आणि एक विक्रेता म्हणतोय की सॉफ्टवेअर, नोंदी, आरएफआयडीचं गेट (पुस्तकात चिकटवलेली चिप ओळखून चोरी पकडणारं दार) सगळं महिन्याभरात बसवून देतो. तुम्ही विचारलंय, 'कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?' बारा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरले होते. त्याऐवजी 'नोंदी कुठल्या फाँटात करणार आणि त्या मला परत कशा मिळणार' हे विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही, म्हणून आज एवढं लांब लिहितेय.

दाखल क्रमांक, वर्गीकरण, देवघेवीची पद्धत यात शिरत नाही, ते तुम्ही करतच असाल.

मी तेव्हा अर्धवेळ ग्रंथपाल होते. ३,२०० पुस्तकांच्या नोंदी पुरवठादाराच्या माणसाने उन्हाळ्याच्या सुट्टीत करून दिल्या. याद्या छापल्या, देखण्या दिसल्या, मुख्याध्यापकांनी सही केली. तीन वर्षांनी संगणक बिघडला. नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालेना. पुरवठादाराच्या कार्यालयात मी चार खेपा घातल्या, दर वेळी उत्तर एकच, 'मॅडम, आधी नूतनीकरण करा, मग बघू.' शाळेने पैसे भरले तेव्हा एक फाइल हाती आली. उघडली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फोन केला तर म्हणाले, 'डेटा दिलाय, फाँट तुमचा तुम्ही टाका.' तो फाँट त्यांच्याच सॉफ्टवेअरबरोबर यायचा, वेगळा मिळतच नव्हता.

कारण नंतर कळलं. छपाईच्या कामात वर्षानुवर्षं चालत आलेले जुने मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले असतात. पडद्यावर 'ग्रंथ' दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन-चार इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट गेला की मराठीही गेली. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत 'ग'ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठल्याही यंत्रावर 'ग'च राहतो. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत, मीही वापरली. पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. माझ्या यादीत वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या आणि 'वर्षा'ची 'वषा' झाली. शेवटी हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवहीवरून सगळं पुन्हा टंकलं. चौदा महिने लागले. त्या काळात देवघेव जवळपास बंद होती. पाचवीत आलेली एक तुकडी सहावीत गेली, तरी त्यातल्या बऱ्याच मुलांच्या नावावर एकही पुस्तक चढलं नव्हतं. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं, अजून लागतं.

म्हणून विक्रेत्याला समोर बसवून दोन गोष्टी करा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ग्रंथपाल', 'वर्षा', 'ऱ्हास' असे शब्द टंकायला लावा, ते कॉपी करून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि फोनवर वाचा. नीट वाचता आले तर युनिकोड आहे. मग दहा पुस्तकांच्या नोंदी टाकून त्या सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) तिथल्या तिथे काढून मागा. 'नंतर देऊ' म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. एक मात्र लक्षात ठेवा. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की युनिकोड मराठीसुद्धा कधी कधी विस्कटलेली दिसते. घाबरू नका, फाइल आयात करताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा. लिबरऑफिस तर उघडतानाच विचारतं. हा बिघाड दुरुस्त होतो, माझा तसा नव्हता.

आरएफआयडी नकोच, असं माझं स्पष्ट मत. मोठ्या विद्यापीठात त्याचा उपयोग असेल. साडेचार हजार पुस्तकांच्या शाळेत पुस्तकं चोरीला जात नाहीत, ती कपाटाबाहेरच पडत नाहीत. बारकोड आणि यूएसबीचा साधा स्कॅनर पुरतो. संगणकाला तो कीबोर्डच वाटतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर पहिलं वर्ष साध्या स्प्रेडशीटवर काढा. नोंदी स्वच्छ असतील तर पुढे कुठेही नेता येतात. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि २००० सालापासून वापरात आहे. पण ते लिनक्सवर चालतं, सांभाळायला जाणकार लागतो. असा कुणी माजी विद्यार्थी असेल तर देणगीऐवजी त्याचा वेळ मागा. शासकीय शाळा असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरची चौकशी करा. मी संगणकातली तज्ज्ञ नाही आणि खरेदीचे नियम शाळेगणिक वेगळे असतात, तेव्हा मुख्याध्यापकांना विचारूनच पुढे जा.

नोंदी करताना लेखकाचं नाव कसं लिहायचं ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. 'साने गुरुजी', 'पां. स. साने' आणि 'साने, पांडुरंग सदाशिव' हे संगणकाला तीन लेखक वाटतात. तसंच 'ॲटलस'मधला ॲ दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकसंध किंवा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला एकच, पण शोधताना निम्मे नकाशासंग्रह सापडत नाहीत. टंकायला मुलं मदतीला घेणार असाल तर सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या.

टॅबचं थोडक्यात. एक टॅब घेऊन एकेक मूल बसवायला गेलात तर तासिका संपते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, मुक्त परवान्याच्या आहेत, छापूनही वाटता येतात. आदल्या दिवशी टॅबवर उतरवून ठेवा, शाळेतल्या नेटवर विसंबू नका. मोठ्या मुलांना मराठी विश्वकोशाच्या नोंदी शोधायला द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र टॅबवर घेऊ नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मुक्त आहे. आजच्या लेखकांचं नाही, आणि शाळेनेच ते फुकट वाटलं तर मुलांना काय सांगणार?

दाखल नोंदवही हाताने लिहिणं बंद करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. माझी यादी वाचली ती त्या वहीमुळेच.

आणि बारकोडचं स्टिकर मुखपृष्ठावर लावू नका. बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बाइंडर काढून टाकतो, त्याबरोबर स्टिकरही जातं. शीर्षकपानाच्या मागे, शाळेच्या शिक्क्याशेजारी लावा आणि वरून पारदर्शक टेप मारा.