बारा मुलाखतींतून काय हाती लागते?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून, मुले परदेशी स्थायिक झालेल्या बारा ज्येष्ठ महिलांच्या मुलाखतींवर प्रबंधिका लिहीत आहे. सराव व्हायवात (प्रबंधिकेवरच्या तोंडी परीक्षेत) एका प्राध्यापकांनी विचारले, "बारा जणींवरून काय सिद्ध होणार? शंभर जणींना प्रश्नावली दिली असती, तर आकडा तरी हाती आला असता." मला उत्तर सुचले नाही. एका मुलाखतीचे पान सोबत पाठवीत आहे.
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्राध्यापकांचा आक्षेप निराधार नाही, मात्र तो तुमच्या प्रश्नाला लागू पडत नाही. किती टक्के ज्येष्ठ महिलांना एकटेपणा जाणवतो, हे शोधायचे असेल तर बारा मुलाखती निरुपयोगीच आहेत आणि तुमच्या मसुद्यात जिथे जिथे "बहुसंख्य महिलांना" असे शब्द आले असतील, तिथून ते आजच काढून टाका. पण या महिला एकटेपणा कशाला म्हणतात, दिवसाच्या कोणत्या वेळी तो अंगावर येतो आणि त्याच्याशी त्या कशा निभावून नेतात, हा तुमचा प्रश्न असेल, तर शंभर प्रश्नावल्याही फारसे काही सांगणार नाहीत. प्रश्नावली तयार करणाऱ्याला आधी जेवढे सुचलेले असते, तेवढ्याचेच उत्तर तिच्यात मिळते.

तुमच्या पानावरचेच उदाहरण घेते. तुम्ही विचारले आहे, "मुलगा गेल्यापासून एकटं वाटत असेल ना?" उत्तर आले, "हो, वाटतं की." इथे तुमचेच वाक्य तुमच्याकडे परत आले आहे. थोड्या वेळाने तुम्ही विचारले, "दुपार कशी जाते?" आणि त्या आजी म्हणाल्या, "दुपारी झोपत नाही मी. एकच्या सुमाराला तिकडं सकाळ होते. तो गाडीतून ऑफिसला जाताना फोन लावतो. बोलायला काही नसतं, पण मी गाडीचा आवाज ऐकत बसते." गाडीच्या आवाजाबद्दल विचारणारा प्रश्न कोणत्याही प्रश्नावलीत नसतो. गुणात्मक पद्धतीचे, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्याचा अर्थ लावणाऱ्या पद्धतीचे, खरे बळ अशा ठिकाणी दिसते, आणि पहिल्या प्रश्नासारखे सूचक प्रश्न विचारले की ते तिथल्या तिथे वाया जाते.

दुसरी गोष्ट भाषेची आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मुलाखती मराठीत घ्यायच्या आणि प्रबंधिका इंग्रजीत लिहायची, ही आपल्याकडची रीतच आहे. "करमत नाही", "घर खायला उठतं" आणि "कशात मन लागत नाही" या तिन्हींना इंग्रजी मसुद्यात "लोनली" हा एकच शब्द मिळतो. पण नव्याने सासरी आलेल्या मुलीला भरल्या घरातही करमत नाही. त्या तक्रारीत सवयीची माणसे आणि सवयीची जागा सुटल्याचे दुःख असते. घर खायला उठते ते रिकामे झाले म्हणून. मन न लागण्यात तर घराचा संबंध असेलच असे नाही. हे भेद भाषांतरात गेले, तर विश्लेषणासाठी उरते काय? म्हणून कोडिंग, म्हणजे वाक्यांना आशयानुसार नावे देऊन त्यांची वर्गवारी, मूळ मराठी वाक्यांवरच करा आणि इंग्रजी मजकुरातही ती वाक्ये देवनागरीत ठेवा.

अशा शब्दांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. झिंबाब्वेत 1990च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शोना भाषा बोलणारे लोक आपला मानसिक त्रास कोणत्या शब्दांत सांगतात ते आधी गोळा केले आणि त्यावरून 14 प्रश्नांची प्रश्नावली बनवली. सतत विचार करत राहणे, ज्याला तिथे "कुफुंगिसिसा" म्हणतात, ते तिच्यात आले. पुढे गोव्यात नैराश्य आढळलेल्या महिलांच्या मुलाखतींचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्या महिला मुख्यतः अंगदुखी आणि झोप न लागणे यांविषयी बोलत होत्या आणि त्याचे कारण पैशांची ओढाताण किंवा नवऱ्याशी बिनसलेले संबंध असे सांगत होत्या. आपल्याला आजार आहे, असे त्या क्वचितच मानत होत्या. व्हायवात हे जरूर सांगा. चांगली प्रश्नावली अनेकदा मुलाखतींच्या पोटीच जन्मते.

संख्येबद्दल विचारलेच, तर घाना आणि नायजेरियातील महिलांच्या 60 मुलाखतींवरील 2006 सालचा अभ्यास सांगता येईल. पहिल्या बारा मुलाखतींनंतर त्यात फारसे नवे मुद्दे आले नाहीत. मात्र त्या महिला बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सर्वांना सारखेच प्रश्न विचारले होते, त्यामुळे बारा हा आकडा नियम म्हणून वापरू नका.

प्रश्न : मुलाखत घेणाऱ्याला जे ऐकायचे असते तेच ऐकू येते, असा माझा शाळेतल्या नोकरीतला अनुभव आहे. मग या पद्धतीला शास्त्र का म्हणावे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आपली शंका या पद्धतीच्या सर्वांत दुबळ्या जागेवर बोट ठेवते. इथे मोजमापाचे साधन म्हणजे संशोधक स्वतःच असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांचा 1973 सालचा लेख घ्या. ते स्वतः आणि आणखी सात निरोगी माणसे, आवाज ऐकू येतात असे खोटे सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि सरासरी 19 दिवस आत राहिली. त्यांनी वहीत टिपणे काढली, तर कर्मचाऱ्यांनी ते लिहिणेही आजाराचे लक्षण असल्यासारखे नोंदवले. आत राहून पाहिल्याखेरीज हे कोणाला दिसले नसते, आणि मनोरुग्णालयांविषयीची चर्चा या लेखाने पार बदलली. पण 2019 साली सुझाना कहॅलन या पत्रकाराने जुनी कागदपत्रे शोधली, तेव्हा रोझेनहान यांनी दाखल होताना लेखात दिल्यापेक्षा बरीच गंभीर लक्षणे सांगितली होती, असे दिसले. ज्या एका सहभागीला रुग्णालयात चांगला अनुभव आला, त्याची माहिती विश्लेषणातून वगळलेली होती. 46 वर्षे हे ताडून पाहता आले नव्हते, कारण मूळ टिपणे वाचकांसमोर नव्हती.

बोलणाऱ्यालाही आपले मन पूर्ण ठाऊक असते असे नाही. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एका प्रयोगाची माहिती दिली. त्यात दुकानात चार अगदी सारखे नायलॉनचे पायमोजे मांडले होते. लोकांनी सर्वांत उजवीकडचा कितीतरी जास्त वेळा निवडला, पण कारण विचारल्यावर जागेचा उल्लेख एकानेही आपणहून केला नाही. म्हणून "तुम्ही असे का केलेत?" या प्रश्नाचे उत्तर कारण म्हणून स्वीकारता येत नाही, ती व्यक्ती स्वतःच्या वागण्याचा अर्थ कसा लावते, एवढेच त्यातून कळते.

तरीही मी या पद्धतीला शास्त्र म्हणते, ते तिच्यात तपासणीची सोय करता येते म्हणून. मुलाखत ध्वनिमुद्रित करायची. तेच पान दुसऱ्या अभ्यासकाला स्वतंत्रपणे वाचायला द्यायचे आणि मतभेद झाले तर ते लिहून ठेवायचे. आपल्या निष्कर्षाला छेद देणारी मुलाखत मुद्दाम शोधून तिला अहवालात जागा द्यायची. सांगलीच्या विद्यार्थिनीच्या बारा जणींत मुले गेल्यावर मोकळे वाटलेली एखादी असेल, तर तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे, असे मी त्यांना सुचवीन. मात्र प्रबंधिका सादर करण्यापूर्वी तिचे नाव बदलून थांबू नये, गल्ली आणि मुलाचा देशही बदलावा. शेजारपाजारच्यांना तेवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो.