पऱ्हाटी उपटायचं यंत्र: आधी काटा, मग वेल्डिंग

मॅडम, तुमच्या पॉलिटेक्निकच्या चार पोरांनी व्हिडिओ पाहून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायचं इंजिनवालं यंत्र ठरवलंय, मार्चमध्ये दाखवायचंय, हो म्हणू का, असं विचारलंत. विषयाला हो म्हणा. इंजिनाला आत्ताच नको.

विषय चांगला, कारण वेळ जुळते. आमच्याकडे पोट्टे जुलैत डवऱ्याचा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या अवजाराचा, विषय घेतात, तो तयार होतो फेब्रुवारीत. तेव्हा वावरात डवरायला काय उरतं? मग कॉलेजच्या मैदानात ओढून फोटो. पऱ्हाटी मात्र शेवटचा वेचा झाला की उपटायचीच असते. फरदड ठेवली, म्हणजे वेचा संपल्यावरही झाडं तशीच राखली, तर गुलाबी बोंडअळीची सोय होते.

पहिले पंधरा दिवस ड्रॉइंग नको. शंभर किलोपर्यंत तोलणारा लटकता वजनकाटा, दोर आणि एक बल्ली देऊन पोरं वावरात पाठवा. बुंध्याला दोर, वर काटा, त्यावर बल्ली, दोघांनी उचलायची. तिसऱ्याने काट्याचा व्हिडिओ घ्यायचा, नाहीतर झाड सुटताना आकडा निसटतो. कोरडवाहू आणि ओलिताचं, दोन्ही वावरांत वीस-वीस झाडं, बुंध्याच्या जाडीसकट. माझ्या एका गटाने फक्त ओल्या वावरात मापं घेतली होती. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत त्यांचा दांडा वाकला, झाड तसंच उभं.

आकडे हाती आले की तरफ पोरांना स्वतःलाच सुचते. टेकूपासून दांडा १२० सेंमी, बुंधा धरणारा जबडा १५ सेंमी, म्हणजे कागदावर ८ पट: २० किलो दाबले की १६० किलो ओढ. पण हात ६० सेंमी खाली गेला तरी झाड साडेसातच सेंमी उचललं जातं. तेवढ्यात मूळ सुटतं का, ते वावरातच कळतं. आणि टेकूवर तेव्हा १८० किलो असतात! ओलिताच्या जमिनीत तो खचतो. खाली रुंद पाटी लागते, पोरं हे हमखास विसरतात.

खरा वेळ खातो जबडा. गुळगुळीत असला की साल सोलून घसरतो. ओढ वाढेल तशी पकड आवळली पाहिजे. मी हे आधी सांगत नाही. भंगाराच्या पट्ट्यांचे दोन जबडे फसू देतो.

वजनाचंही तसंच. आमचा पहिला चिमटा, म्हणजे हेच तरफेचं अवजार, एका काकूंनी उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "हे वावरात न्यायले अजून एक गडी लागन." कोणी तोलूनच पाहिलं नव्हतं. १४ किलो भरला.

चौघांपैकी एक वेल्डिंग करतो, बाकीचे रिपोर्ट टाइप करतात, हे तुमच्याकडेही होईल. मी एकेकाला वेगळं बोलावून विचारतो, जबडा १५ सेंमीवरच का? ज्याला सांगता येत नाही तो पुन्हा वावरात.

एवढं करूनही इंजिनच पाहिजे असलं तर पोरांनी आपल्याच आकड्यांवरून पटवून द्यावं.

काटा विकत घेऊ नका. गावातल्या कापूस घेणाऱ्याकडे दोन दिवसांसाठी मागा. मात्र वेचणी जोरात असताना तो देणार नाही.