बुडबुडा दिसला की आकडा लिहायचा नसतो

प्रश्न : बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला केपिलरीने (एका टोकाला बंद असलेली बारीक काचनळी) टोल्युइन या द्रवाचा बॉइलिंग पॉइंट काढायचा होता. छोट्या नळीत थोडं टोल्युइन, त्यात केपिलरी उघडं तोंड खाली करून सोडलेली, आणि ती नळी थर्मामीटरला बांधून तेलात तापवायची. पुस्तकात 110.6 अंश आहे, माझा आला 117 आणि पार्टनरचा 98. थर्मामीटर एकच, बाटली एकच, तेलही तेच. चुकलं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही, आणि बहुतेक एकाच ठिकाणी, रीडिंग कधी घ्यायचं तिथे.

पार्टनरने पहिला बुडबुडा दिसल्या दिसल्या आकडा लिहिला असणार. तो बुडबुडा टोल्युइनचा नसतोच मुळी, उलटी सोडलेल्या केपिलरीत हवा अडकलेली असते ती गरम होऊन फुगते आणि खालच्या तोंडातून थांबत थांबत बाहेर पडते, एवढंच. तू त्याच्या उलट, बुडबुड्यांची माळ धो धो सुटली तेव्हा वाचलंस, पण तोवर तेल बॉइलिंग पॉइंटच्या पुढे गेलेलं असतं, आणि थर्मामीटर तर तेलातच बुडालाय ना!

खरं रीडिंग बर्नर काढल्यावर. सलग माळ सुरू झाली की बर्नर बाजूला कर आणि नजर केपिलरीच्या तोंडावरच ठेव. बुडबुडे मंदावतात, शेवटचा एखादा तोंडाशीच अडखळतो, बाहेर येऊ की नको करतो, आणि द्रव गपकन आत चढतो. तोच आकडा. हवा आधीच निघून गेलेली, आत फक्त टोल्युइनची वाफ, आणि त्या क्षणी तिचा दाब बाहेरच्या दाबाइतका झालेला असतो, बॉइलिंग पॉइंटची व्याख्या तरी दुसरी काय आहे? सिवोलोबॉफने 1886 मध्ये ही युक्ती मांडली, दोन-चार थेंबांत काम होतं म्हणून अजून टिकून आहे.

परत करताना केपिलरी नवीन घे, जुनीत द्रव शिरलेला असतो, हवा नसते, मग माळ नीट सुरूच होत नाही. वरचं टोक नीट बंद झालंय का बघ (हे निम्मे लोक बघत नाहीत). नळी थर्मामीटरला बांधणारा रबरबँड तेलाच्या वर राहू दे, गरम तेलात तो मऊ होऊन सुटतो. आणि शंभरच्या पुढे मिनिटाला दोन-तीन अंशच चढू दे. टोल्युइन पेट घेतं, त्यामुळे बाटली बर्नरजवळ नको.

एवढं करून 109.8 आलं तर घाबरू नको. हवेचा दाब 760 ऐवजी 750 मिमी (पाऱ्याची उंची) असेल तर जवळजवळ अर्धा अंश तिथेच जातो, आणि थर्मामीटरचा पारा तेलाबाहेर थंड हवेत असतो त्यानेही थोडं कमी दिसतं. दाब वहीत लिहून ठेव, परीक्षक विचारतात.

प्रश्न : बॉइलिंग पॉइंट जुळला म्हणजे पदार्थ शुद्ध, असं धरायचं का?

उत्तर : अजिबात नाही. इथेनॉल 78.3 ला उकळतं, आणि सुमारे साडेचार टक्के पाणी असलेलं इथेनॉल 78.2 ला, तेही शेवटपर्यंत त्याच तापमानाला. तुमच्या थर्मामीटरवर हा फरक दिसणारच नाही. बेंझिन 80.1, सायक्लोहेक्झेन 80.7, तिथेही तीच गत. आकडा जुळला नाही तर काहीतरी गडबड आहे हे नक्की, जुळला तर अजून एक टेस्ट करा, म्हणजे घनता किंवा अपवर्तनांक (द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो ते).