माळेची घाई नको

दादा, तुम्ही म्हणता तसं ‘आधी सुधारतो, मग देवाकडे जातो’ म्हणत मीही बरीच वर्षं घालवली. वारकऱ्यांची तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटायलाच हवं, म्हणून तिची घाई नको. नामाला अट नाही. गोंदवल्याच्या महाराजांनी संसारी माणसांना तेच सांगितलं.

सध्या एवढंच करा:
- रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं जप.
- दिवसभरात झालेली चूक रात्री देवाला नेमकी सांगा. ‘काहीतरी चुकलं’ असं मोघम नको. आणि कुणाचे पैसे बुडवले असतील तर त्यालाच परत करा. अभिषेकाची पावती फाडून ते फिटत नाहीत!

पुन्हा घसरलात तरी जप मोडू नका, बहुतेक जण तिथंच सोडतात. एकादशी वगैरे पुढं बघू. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी लोणंदला आली की तरडगावपर्यंत चाला, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणारे माऊलींचे अश्व, बघायला मिळेल.