भाऊ गर्दसकट (हेरॉइन) पकडला गेलाय. वकील म्हणतात, कोर्ट उपचारासाठी बाहेर सोडू शकतं. त्याने व्यसन खरंच सुटतं, की तुरुंगच बरा?

तुमचे वकील सांगतायत ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ३९. माझा धाकटा भाऊ त्यावरच बाहेर होता आणि जामीनदार म्हणून सही माझी होती.

‘तुरुंगच बरा’ हे आमच्याकडे मामांचं वाक्य. पहिल्यांदा पकडला तेव्हा त्यांनी जामीन करूच दिला नाही. ‘आत राहिला की आपोआप सुटेल.’ सुटलं खरं. चार महिन्यांनी आला तो अंगावर जरा मांस चढवून, आई खूश. तिसऱ्या दिवशी आम्ही बाथरूमचं दार फोडलं. ओठ निळे, श्वास लागतोय की नाही कळेना. आत राहून शरीराची सवय मोडते, डोक्यातली मोडत नाही. माणूस बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतो आणि ते आता झेपत नाही. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच जिवावरचे. वाचला तो.

दुसऱ्यांदा कोर्टाने दोषी ठरवलं, पण शिक्षा न सुनावता, त्याची संमती विचारून सरकारमान्य केंद्रात उपचाराला सोडलं. वर्षाच्या आत अहवाल द्यायचा. रोज सकाळी काउंटरवर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, म्हणजे गर्दची तलफ भागवणारं औषध. ती जिभेखालीच विरघळली पाहिजे, गिळली तर जवळजवळ वाया. म्हणून पाच-दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. एकदा मामा तिथे आले. ‘काय रे, कसा आहेस?’ हा नुसता हात दाखवून थांबा म्हणतोय. मामा मला म्हणाले, ‘बघ, वाचापण गेली!’ पुढे वर्षभर तीच टेप: एक नशा सोडवून दुसरी लावली. अहो, गर्दवाला टर्की (गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास) चुकवायला दिवसभर पैसे शोधत फिरतो, चोऱ्या त्यातूनच होतात. गोळीवरचा माणूस डबा घेऊन कामावर जातो. माझ्यापुरता वाद तिथेच संपला.

चौथ्या महिन्यात घसरला. मी जामीन काढून घ्यायला निघालो होतो. समुपदेशक बाईंनी एवढंच विचारलं, ‘स्वतःहून सांगितलं ना? मग उद्या वेळेवर आणा.’ आणला.

हां, हे आधी सांगायला हवं होतं. तुमच्या भावाकडे किती सापडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कलम ३९ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यालाच लागतं. गर्दसाठी ते ५ ग्रॅम, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वजन भेसळीसकट धरतात. आरोप तेवढाच असेल तर वकिलांना कलम ६४-अ पण विचारा: स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातूनच सूट मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेतात. आणि ही गोळी गर्द-अफूच्या जातीलाच चालते, दारू किंवा एमडीला (मेफेड्रोन) नाही.

अहवाल बरा गेला. कोर्टाने समज देऊन बंधपत्रावर सोडलं. मामा आता पाहुण्यांना सांगतात, माझ्या धाकाने सुधारला.